नोंदीखालची सही

अण्णासो मगदुमांच्या घरी दर रविवारी सकाळी दोन कप मांडले जायचे आणि चहा एकटाच माणूस प्यायचा. एक कप भरून घ्यायचा, तो स्वतः संपवायचा. दुसऱ्यात तळाला घोटभर ओतून तो समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं ठेवायचा आणि बशीत बिस्किटाचा थोडा चुरा पाडायचा. मग इस्त्रीचा शर्ट चढवायचा. खालचा लेंगा चुरगळलेला असला तरी चालायचं, कारण टॅबलेटला तो दिसत नाही. एवढी तयारी झाली की आठाच्या सुमाराला कॅनडातून ऐश्वर्याचा, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकीचा, व्हिडिओ कॉल यायचा.

"अण्णा, जय जिनेंद्र. बरे आहात न्हवं?"

"मजेत हाय की. आत्ताच गणपतराव गेला बघ. डोकं खाल्लं नुसतं. कपसुद्धा उचलला न्हाय त्यानं."

आणि टॅबलेट जरासा वळवून ते कप दाखवायचे. पुरावा नको का?

गणपतराव जानेवारीतच गडहिंग्लजला मुलाकडं कायमचा राहायला गेला होता. पूर्वी एसटीत ड्रायव्हर होता तो, आणि निवृत्तीनंतर अकरा वर्षं रोज दुपारी साडेचारला, रविवारी सकाळीच, अण्णासोंकडं चहाला यायचा. रत्नाबाई, म्हणजे अण्णासोंची बायको, गेल्यानंतर तर दारात येणारा तो एकटाच उरला होता. तो गेल्याचं अण्णासोंनी लेकीला सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हते. रत्नाबाई आजारी पडली तेव्हा ऐश्वर्या टोरोंटोतली चांगली नोकरी टाकून आली, नऊ महिने आईच्या उशाशी बसली आणि परत गेली तेव्हा तिला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागली. बाप एकटा पडलाय एवढं कळायचा अवकाश, पोरगी पुन्हा बॅग भरणार. तिला ती सवयच आहे. तेव्हा रत्नाबाईच्या फोटोपुढं उभं राहून अण्णासोंनी ठरवलं होतं, की एकदा झालं ते झालं, दुसऱ्यांदा पोरीला सगळं सोडायला लावायचं नाही. मग त्यासाठी रोज खोटं बोलावं लागलं तरी बेहत्तर. रोज कुठं, रविवारीच तर.

अण्णासो स्वतः एसटीत कंट्रोलर होते. कोल्हापूरच्या मध्यवर्ती स्टँडवर, काचेच्या केबिनमध्ये, माईकपुढं एकतीस वर्षं. "गडहिंग्लजला जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर लागत आहे" हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल त्याला गणती नाही. बायका म्हणायच्या, अण्णासोंच्या आवाजानं झोपलेली पोरं जागी होतात. आणि माईकइतकीच दुसरी गोष्ट म्हणजे नोंदवही. कुठली गाडी किती वाजता आली, कुठली गेली, कुठली रद्द झाली, का झाली, सगळं मिनिटासकट लिहायचं. संध्याकाळी आगार व्यवस्थापक येऊन नोंदींवरून नजर फिरवायचे आणि खाली एकच शब्द लिहून सही ठोकायचे: पाहिले. त्या एका शब्दावर दिवस मिटायचा. सात वर्षांची ऐश्वर्या शनिवारी अर्ध्या शाळेनंतर केबिनमधल्या स्टुलावर बसून असायची. एकदा तिनं साहेब यायच्या आधीच लाल खडूनं नोंदवहीत भलंमोठं 'पाहिले' लिहून खाली आपलं नाव घातलं होतं. साहेब हसले, म्हणून अण्णासो वाचले.

नोंदीची ही खोड काही निवृत्तीबरोबर गेली नाही. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांच्या समासात अण्णासो पेन्सिलीनं लिहायचे: दुपारी ३.१०, पाऊस सुरू. ३.४०, पाऊस बंद, वीज नाही. शेवटी ग्रंथपालबाईंनी तीन पुस्तकं टेबलावर मांडली आणि विचारलं, हे अक्षर तुमचंच ना?

"अक्षर माझंच हाय. पन टायमिंग चुकलंय का बघा," अण्णासो म्हणाले. त्यानंतर त्यांनी वाचनालय सोडलं, की वाचनालयानं त्यांना, ते ज्याचं त्यानं ठरवावं. गुडघा दुखायला लागला होता आणि वाचनालयाचा जिना उभा होता, हे एक बरं निमित्त मिळालं. त्याच गुडघ्यानं पुढं बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला जाणंही बंद पाडलं. राजारामपुरीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत माणूस, गुडघा आणि टॅबलेट एवढेच उरले.

टॅबलेटवर ते पुस्तकं वाचायला लागले खरे, पण तासाभरात डोळ्यांतून पाणी यायचं. तरी गेल्या दिवाळीत ऐश्वर्या आली तेव्हा तिनं काही डॉक्टर गाठला नाही, दुकान गाठलं.

"अण्णा, टॅबलेट बोलायला आणि बघायला. वाचायला दुसरं घेऊया. ई-रीडर."

दुकानदारानं पाटीएवढं एक करडं यंत्र हातात दिलं. अण्णासोंनी ते उलटसुलट करून बघितलं, वजन अजमावलं, आणि स्टँडवर नव्या ड्रायव्हरची हजेरी घ्यावी तशी चौकशी सुरू केली.

"ह्यात गाणी लागत्यात?"

"न्हाय."

"फोन?"

"न्हाय."

"बातम्या, क्रिकेट?"

"काय पन न्हाय काका. रंगसुद्धा न्हाईत. काळं-पांढरं."

"मग ह्ये करतंय काय?"

"वाचता येतंय."

"बास की," अण्णासो म्हणाले. "टॅबलेट म्हंजे निमआराम गाडी. पडदे, टीव्ही, सगळं हाय, पन माणसाला झोपू देत न्हाय. ही आपली साधी लाल गाडी. बसायचं आणि जायचं."

अक्षर छापल्यासारखं दिसत होतं, डोळ्यांवर उजेड मारत नव्हतं, बोटानं हवं तेवढं मोठं होत होतं. एकदा चार्ज केलं की तीन आठवडे बघायला नको. अण्णासोंना ते फारच आवडलं. ऐश्वर्यानं तिथंच काउंटरवर उभं राहून ते चालू करून दिलं. "अण्णा, तुमचं वेगळं खातं काढत बसत न्हाय. माझंच घालते. पुस्तकं मी तिकडून घेतली की तुम्हाला इथं येतील. आणि एका यंत्रावर वाचलेलं पान दुसऱ्यावर आपोआप सापडतं."

अण्णासोंनी मान डोलावली. दुसऱ्यावर म्हणजे घरातल्या टॅबलेटवर, असं ते समजले. घरात यंत्रं दोनच होती, तिसरं कुठलं असणार?

ती गेली. डिसेंबर गेला. जानेवारीत गणपतराव गेला. त्याच आठवड्यात ऐश्वर्यानं एक हजारावर पानांची कादंबरी धाडली. कुठल्याशा आडगावातलं एकत्र कुटुंब, एका चुलीवर एकवीस माणसं, रोज भांडण, रोज समेट. अण्णासो दिवसाला पाचच पानं वाचायचे. जास्त वाचायची हिंमत होत नव्हती, कारण पुस्तक संपलं की ती एकवीस माणसंही घरातून जाणार.

आणि मग एके दिवशी त्यांना कळलं, की ह्या पुस्तकालाही समास आहे. शब्दावर बोट दाबून धरलं की 'टीप लिहा' असं येतं. ई-रीडरच्या बारक्या कळा त्यांच्या जाड बोटांना काही जमेनात. पण तेच पुस्तक टॅबलेटवर उघडलं तर नेमकं तेच पान यायचं, आणि तिथं माईकचं चित्र होतं. दाबायचं आणि बोलायचं, ते आपोआप लिहून घ्यायचं. एकतीस वर्षं माईकपुढं काढलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? वाचायला ई-रीडर, बोलायला टॅबलेट. अण्णासोंनी घसा साफ केला आणि स्टँडवरच्या आवाजात पहिली नोंद केली.

"पान बारा. सकाळी नऊ वीस. ह्यांच्या घरात एकवीस माणसं. आमच्याकडं एक तरी पाठवा."

पुन्हा ई-रीडर उचलला, तर त्या शब्दाच्या डोक्यावर बारीकसा आकडा उमटला होता. फार बरं वाटलं. इथं ग्रंथपालबाई नव्हत्या, कुणी विचारणार नव्हतं. पुस्तक आपलं, समास आपला.

सुरुवातीला नोंदी पुस्तकाबद्दल असायच्या. थोरल्या सुनेचं बरोबर आहे, धाकटा उगीच फुगतो, वगैरे. पण मोकळा समास मिळाला की कंट्रोलर किती दिवस दुसऱ्याच्या घरातलं लिहील? हळूहळू नोंदी आपल्याच स्टँडवर आल्या.

'सकाळी ७.०५. दूध आलं. पिशवी कडीला अडकवून गेला. बोलणं नाही.'

'दुपारी ४.३०. गणपतरावाची वेळ. गाडी रद्द.'

'सायंकाळी ६.२०. जेवण झालं. ७ ते १० फलाटावर कोणी नाही.'

ही शेवटची नोंद जवळपास रोजची. जैन घर, सूर्य मावळायच्या आत जेवायचं. पन्नास वर्षांचा नियम, अण्णासोंनी एक दिवस चुकवला नव्हता. रत्नाबाई होती तेव्हा जेवण आटोपल्यावरची लांबलचक संध्याकाळ गप्पांना कमी पडायची. आता साडेसहाला ताट धुऊन ठेवलं, की पुढं झोपेपर्यंतचा वेळ नुसता समोर पडून असायचा. खाली कोचिंग क्लास होता. बॅच सुटली की दीडशे पोरापोरींचा गलका जिन्यातून वर यायचा आणि पाच मिनिटांत रस्त्यावर निघून जायचा. दिवसभर आपण माईकशिवाय कुणाशी बोललो नाही, हे अण्णासोंच्या संध्याकाळी लक्षात यायचं, आणि तेही ते माईकलाच सांगायचे.

मागची पानं मात्र ते कधी उलटत नसत. गेलेली गाडी गेली. कंट्रोलरनं पुढच्या गाडीकडं बघायचं असतं.

जुलैमध्ये एका मंगळवारी ते न्हाणीत पडले. फरशी ओली होती, गुडघ्यानं दगा दिला. डावा हात खाली आला. उठायला काही येईना. त्यांनी हाका मारल्या. ज्या आवाजावर अर्ध्या जिल्ह्यानं गाड्या पकडल्या, तो आवाज दुसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीतून खालच्या क्लासपर्यंत पोचला नाही. खाली सर माईकवर गणित शिकवत होते. शेवटी बादलीचा आधार घेत, सरकत सरकत ते उंबऱ्यापर्यंत आले. मनगटाला पट्टी बांधली. आणि आधी काय केलं असेल तर टॅबलेट उघडला.

'मंगळवार. सकाळी ६.५०. न्हाणीत पाय सरकला. उठायला पस्तीस मिनिटं. हाका मारल्या, कोणी नाही. पोरीला कळू द्यायचं नाही. तिनं एकदा नोकरी सोडली. पुन्हा सोडायला लावायची नाही.'

रविवारी त्यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला. दोन कप मांडले.

"फुल शर्ट कसा काय आज?" ऐश्वर्यानं विचारलं.

"गारठा पडलाय गं. पाऊस काय थांबंना झालाय हिकडं. भरतेश कुटं हाय? जावयाचं तोंड बघून किती दिवस झालं."

"आंघोळीला गेलाय, अण्णा."

"रातीचं साडेधा वाजता?"

"इथं तसंच असतंय." तिनं फोन जवळ घेतला. मग म्हणाली, "अण्णा, काही सांगायचंय का मला?"

"न्हाय की. काय सांगायचं असतंय? गणपतराव आत्ताच गेला बघ."

"बरं," ती म्हणाली, आणि कपाकडं बघून पुन्हा एकदा "बरं" म्हणाली.

दहा दिवस झाले तरी मनगट दुखायचं थांबेना, तेव्हा अण्णासो रिक्षा करून दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी हात दाबून विचारलं, "कधी पडलात?"

"येळ पक्की ठाऊक हाय. सहा पन्नास. तारीख बगून सांगतो."

डॉक्टर हसले. हाड मोडलेलं नाही, जपा, एकटे राहू नका, म्हणाले. हे शेवटचं सांगायला कुणाचं काय जातं?

घरी येऊन अण्णासोंनी ई-रीडर उघडला आणि तारीख बघायला पहिल्यांदाच पानं मागं सरकवली. पडल्याच्या दिवसाचं पान आलं. शब्दावर त्यांच्या नोंदीचा आकडा होता. आणि त्याच्या शेजारच्याच शब्दावर आणखी एक आकडा होता.

ही नोंद आपण कधी केली? त्यांनी बोट टेकवलं.

'पाहिले.'

अण्णासो खुर्चीत नीट बसले. हे आपण लिहिलेलं नाही. कंट्रोलर स्वतःच्या नोंदीखाली स्वतः 'पाहिले' लिहीत नसतो, झोपेतसुद्धा. मग दुसरी शंका आली. लिहिलं असेल आणि आठवत नसेल तर? एकटा माणूस पडण्याला भीत नाही इतका ह्या गोष्टीला भितो. त्यांनी घाईघाईनं आणखी मागची पानं काढली. गणपतरावाची गाडी रद्द. शेजारी: पाहिले. फलाटावर कोणी नाही. पाहिले. दूध आलं, बोलणं नाही. पाहिले. बारा नंबरच्या पानापर्यंत, सहा महिन्यांच्या एकूण एक नोंदीखाली तोच शब्द. आणि पहिल्या नोंदीखाली शब्दापुढं नावही होतं.

'पाहिले. ऐश्वर्या.'

त्यांना दुकानातलं काउंटर आठवलं. माझंच खातं घालते. एका यंत्रावरचं दुसऱ्यावर सापडतं. अरे देवा. तिसरं यंत्र तिच्या खिशात होतं.

आधी राग आला. पोरीनं बापाच्या वहीत डोकावावं? मग लाज वाटली, आणि ती रागापेक्षा मोठी होती. कधीपासून कोण जाणे, ती रविवारमागून रविवार ते दोन कप बघत होती. चुरा बघत होती. "आत्ताच गेला" ऐकून घेत होती. अण्णासोंनी टेबलाकडं बघितलं तर रिकामी खुर्चीसुद्धा नजरेला नको झाली.

किती नोंदी झाल्यात ते एकदा बघावं म्हणून त्यांनी टॅबलेटवर सगळ्यांची यादी उघडली. यादी त्यांच्या आजच्या पानावर संपायला हवी होती. ती पुढं जात होती. आणखी वीस पानांनंतर, जिथं ते अजून पोचलेच नव्हते तिथं, नोंदींचा एक झुपका होता.

'अण्णा, इथं पोचायला तुम्हाला चार दिवस लागतील. तोवर मी समोर बोलायचं धाडस करीन असं वाटतंय. नाही झालं तर हे वाचा.

एप्रिलमध्ये बसमध्ये वेळ जात नव्हता म्हणून तुमचं पुस्तक उघडलं. तेव्हापासून रोज वाचते. पुस्तक नाही, समास.

गणपतकाकांना फोन केला. ते म्हणाले, मी जानेवारीपासून गडहिंग्लजला आहे. अण्णा, तो दुसरा कप मांडू नका हो.

तुम्ही पडलात ते वाचून तिकीट काढायला बसले. मग खालची ओळ वाचली. तिकीट काढलं नाही. चुकलं असेल तर सांगा.'

त्याच्याखाली, वेगळ्या शब्दावर, अगदी त्यांच्याच पद्धतीनं लिहिलेलं होतं.

'शनिवार. रात्री ११.१०. अण्णांशी बोलणं झालं. भरतेश आंघोळीला गेलाय असं सांगितलं. तो मार्चपासून इथं राहत नाही. भांडण नाही. बोलणंही नाही.'

'सोमवार. रात्री ९.४०. घरी आले. जेवण, बिस्किटं. एकटीसाठी चूल पेटवावीशी वाटत नाही. आणि सूर्य कधीच मावळलेला असतो, त्यामुळं अण्णांनी जेवलीस का विचारलं की हो म्हणते.'

'शुक्रवार. आज ऑफिसला सुट्टी. दिवसभरात कुणाशी बोलणं नाही.'

अशा बारा-पंधरा. कुठल्याच नोंदीखाली कुणाची सही नव्हती.

अण्णासोंनी टॅबलेट मांडीवर ठेवला. आपण पोरीला वाचवतोय ह्या घमेंडीत सहा महिने काढले, आणि पोर तिकडं बिस्किटं खाऊन झोपते. आपला नियम मोडायला नको म्हणून उपाशी, आपला बेत मोडायला नको म्हणून गप्प. रत्नाबाई असती तर तिनं पहिल्या रविवारीच ओळखलं असतं. ते बराच वेळ रडले. खाली बॅच सुटली, गलका झाला आणि ओसरला, तोवर ते रडत होते.

तिकडं पहाट होती, फोन करता येत नव्हता. आणि केला तरी काय बोलणार? ये म्हणायचं नव्हतं, येऊ नको म्हणायला तोंड होत नव्हतं. त्यांनी तिच्या पहिल्या नोंदीवर बोट ठेवलं, माईक दाबला आणि घसा साफ केला. आवाज फुटेना. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. दुसऱ्या खेपेला जमलं.

"पाहिले," अण्णासो म्हणाले.

मग पुढची नोंद. पाहिले. त्याच्या पुढची. पाहिले. शेवटच्या नोंदीपर्यंत.

रविवारी त्यांनी एकच कप काढला. शर्ट अर्ध्या बाह्यांचा घातला, मनगटावरची पट्टी झाकली नाही. आठाला टॅबलेट वाजला. ऐश्वर्या दिसली. तिनं टेबलाकडं बघितलं, पट्टीकडं बघितलं. रिकाम्या खुर्चीबद्दल तिनं विचारलं नाही, आंघोळीबद्दल त्यांनी विचारलं नाही.

"जेवलीस?" अण्णासोंनी विचारलं.

"हो..." ती म्हणाली, आणि थांबली. "न्हाय, अण्णा."

"मग लाव कुकर."

"अण्णा, साडेदहा वाजलेत रात्रीचे."

"माझ्या नियमाचं मी बगतो. तू लाव."

सूर्यास्तानंतर कुणाला जेव म्हणायची त्यांची ही आयुष्यातली पहिली वेळ. ऐश्वर्या उठली. तिनं फोन ओट्यावर उभा केला. डाळ-तांदूळ धुतल्याचा आवाज आला, मग कुकर चढला. आई-बापांनी पाहिलेलं स्वयंपाकघर नव्हतं ते, पण फोडणीला मोहरी तडतडली ती ओळखीची होती. शिट्ट्या होईपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही, आणि तरी ते गप्प बसणं संध्याकाळच्या सात ते दहासारखं नव्हतं. ती ताट घेऊन समोर येऊन बसली. भात होता, आमटी होती, लोणचं होतं. ताटापुढं एकच माणूस होता आणि घास काही उचलत नव्हता.

"एकटीला न्हाय जात, अण्णा."

अण्णासोंनी ई-रीडर उचलला. चष्मा लावला. टॅबलेट समोर कपाला टेकवून उभा केला, म्हणजे तिचं तोंड दिसत राहील. एकवीस माणसांच्या घरात त्या पानावर जेवणाचीच पंगत बसली होती, थोरली सून वाढत होती आणि धाकटा नेहमीप्रमाणं फुगला होता. अण्णासो वाचायला लागले. सुरुवातीला हळू, मग स्टँडवरच्या आवाजात, की खालच्या रस्त्यावरही ऐकू जावं. धाकट्याचं रुसणं वाचताना ऐश्वर्या हसली आणि हसता हसता तिनं पहिला घास घेतला. ते थांबले नाहीत. ताट रिकामं होईपर्यंत त्यांनी अकरा पानं वाचली. रोजच्या पाचापेक्षा सहा जास्त, आणि पुस्तक संपायला आलं होतं तरी.

"पुढच्या रविवारी किती वाजता?" तिनं विचारलं. डोळे पुसत होती.

"आठ. आणि गणपतरावालाबी आज फोन करतो. खरा."

स्क्रीन काळा झाला. अण्णासोंनी आपला एकच कप विसळून पालथा घातला. खोलीत कुणी नव्हतं, खाली रविवारचा क्लास बंद होता, दिवस अजून सगळा जायचा होता. त्यांनी टॅबलेटवर पुस्तक उघडलं आणि माईक दाबला.

"रविवार. सकाळी आठ ते नऊ. ऐश्वर्या जेवली. मी वाचलं."

मग ई-रीडर मांडीवर घेऊन ते तेच पान उघडून बसले. दोन मिनिटं गेली, तीन गेली. शेजारच्या शब्दावर बारीकसा आकडा उमटला. काय लिहिलं असेल ते त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी बोट टेकवून बघितलं.